क्रमवारीत तिसावी असलेली टीम विजेती कशी ठरते?

एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्यांच्या शाळेची टीम पहिल्यांदाच विभागीय रोबोटिक्स स्पर्धेत उतरते आहे. रोबोट बऱ्यापैकी तयार आहे, पण स्पर्धेच्या तीन दिवसांत नेमकं काय चालतं याचा अंदाज ना मुलांना आहे ना त्यांना. शिवाय जुने निकाल चाळताना एक गोष्ट त्यांना खटकली. पात्रता फेरीत तिसाव्या क्रमांकावर असलेली टीम शेवटी विजेत्यांमध्ये दिसते आणि चौथ्या क्रमांकाची टीम दुपारीच बाहेर पडलेली असते. गुण मोजण्यात काही गडबड असते का?

गडबड नसते, स्पर्धेची रचनाच तशी आहे. ती समजली की उरलेले दिवस रोबोटच्या कोणत्या भागावर घालवायचे हेही ठरवता येतं. मी बरीच वर्षं मेंटर, म्हणजे टीमचा मार्गदर्शक होतो, आता जास्त करून इन्स्पेक्शनच्या, म्हणजे रोबोट नियमांत बसतो का ते तपासण्याच्या टेबलावर असतो, त्यामुळे उत्तरात तारा आणि बॅटऱ्या जरा जास्त येतील. उदाहरणं ‘फर्स्ट’ या अमेरिकी संस्थेच्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनची, म्हणजे एफआरसीची देतो. बाकीच्या स्पर्धांत काय वेगळं असतं ते शेवटी थोडक्यात सांगेन.

आधी एक मॅच कशी असते ते पाहू. मैदान साधारण २७ फूट बाय ५४ फूट. एका टोकाला लाल अलायन्स, दुसऱ्या टोकाला निळी. प्रत्येक अलायन्समध्ये तीन टीम, म्हणजे मैदानात एकाच वेळी सहा रोबोट. मॅच अडीच मिनिटांच्या आसपास चालते. सुरुवातीचे पंधरा-वीस सेकंद रोबोटने फक्त आधी लिहिलेल्या कोडवर चालायचं, त्यानंतर ड्रायव्हरच्या हाती ताबा येतो. शेवटच्या काही सेकंदांत बहुतेक हंगामांत कुठेतरी लटकण्याचं किंवा चढण्याचं काम असतं. खेळ दर वर्षी नवा. जानेवारीच्या सुरुवातीला तो जगभर एकाच दिवशी जाहीर होतो आणि स्पर्धा फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत चालतात. २०१९ पर्यंत सहा आठवडे झाले की रोबोट पिशवीत घालून सील करावा लागायचा. २०२० पासून ते बंधन गेलं. त्यामुळे आता टीम्स अगदी आदल्या रात्रीपर्यंत स्क्रू पिळत असतात आणि न तपासलेले जोडकाम घेऊन येतात.

पात्रता फेरीत तुमचे दोन जोडीदार तुम्ही निवडत नाही. संगणक वेळापत्रक बनवतो आणि दर मॅचला जोडीदार बदलतात. आत्ता ज्या टीमविरुद्ध खेळलात, तीच तासाभराने तुमच्या बाजूला उभी असू शकते. समजा ४० टीम आहेत आणि प्रत्येकीला १० मॅचेस द्यायच्या आहेत. एकूण ४०० जागा झाल्या, पण एका मॅचमध्ये सहा जागा असतात आणि ४०० ला सहाने पूर्ण भाग जात नाही. म्हणून ६७ मॅचेस होतात आणि दोन टीम्सना एक जादा मॅच खेळावी लागते. ती त्यांच्या गुणांत धरत नाहीत, पण जोडीदारांच्या गुणांत ती असतेच. वेळापत्रकात आपल्या नावापुढे तशी खूण दिसली तर मुलांना आधीच समजावून सांगा, नाहीतर ‘आम्ही जिंकलो तरी गुण का नाहीत’ म्हणून रुसवेफुगवे होतात.

क्रमवारी मैदानातल्या गुणांवर लागत नाही, रँकिंग पॉइंटच्या सरासरीवर लागते. २०२५ च्या हंगामात जिंकल्याचे ३ पॉइंट होते (त्याआधी २ असत), बरोबरीचा १, आणि खेळातली ठरावीक कामगिरी पूर्ण केली तर हरलात तरी बोनस पॉइंट. काही हंगामांत तर प्रतिस्पर्ध्याशी सहकार्य केल्याचाही फायदा असतो. २०२५ मध्ये दोन्ही अलायन्सनी आपापल्या प्रोसेसरमध्ये (मैदानाच्या कडेची एक ठरावीक खिडकी) दोन-दोन अल्गी, म्हणजे त्या खेळातले मोठे चेंडू, टाकले की एका बोनसची अट दोघांसाठीही सोपी व्हायची. मॅचच्या आधी समोरच्या अलायन्सकडे जाऊन ‘तुम्ही दोन टाकणार ना?’ असं विचारणं त्या हंगामात अगदी रोजचं होतं. नवख्या टीमला हे कोणी सांगत नाही, म्हणून त्यांचे फुकट मिळण्यासारखे पॉइंट जातात.

आता दहा मॅचेस आणि दर वेळी चिठ्ठीत आलेले दोन जोडीदार. अलायन्सच्या ताकदीत तुमचा वाटा एक तृतीयांश. एखाद्या मॅचला जोडीदाराचा रोबोट सुरूच होत नाही, दुसऱ्या मॅचला समोर स्पर्धेतले दोन सर्वांत तगडे रोबोट एकत्र येतात. दहा मॅचेसमध्ये हे सगळं समसमान होत नाही. माझा अनुभव असा, की वरच्या चार-पाच आणि खालच्या चार-पाच टीम साधारण आपापल्या योग्य जागी असतात. मधल्या तीसेक टीम्सचा क्रम मात्र बराचसा वेळापत्रकाच्या हातात असतो. त्यामुळे तिसावा क्रमांक म्हणजे तिसाव्या दर्जाचा रोबोट असं समजू नका. मैदानाबाहेर वही घेऊन बसलेल्या मुलांना हे पक्कं ठाऊक असतं, आणि तुमच्या कोड्याची किल्ली त्यांच्याच हातात आहे.

पात्रता फेरी संपली की अलायन्स निवड होते. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला एका शाळेच्या जिममध्ये पहिली एफआरसी झाली तेव्हा फक्त २८ टीम होत्या आणि प्रत्येक जण आपापल्यासाठी खेळत होता. अलायन्स १९९९ मध्ये आल्या, तेव्हा दोन-दोनच्या. तीन विरुद्ध तीन २००५ पासून. आज क्रमवारीतल्या वरच्या आठ टीम कर्णधार होतात. पहिल्या फेरीत एक नंबरपासून आठपर्यंत प्रत्येक कर्णधार एकेक जोडीदार निवडतो. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा, आठपासून एकपर्यंत. म्हणजे आठव्या अलायन्सला दोन निवडी लागोपाठ मिळतात आणि पहिल्या अलायन्सला सगळ्यांत पहिली निवड मिळते, पण दुसरी मिळते ती सगळ्यांत शेवटी. तोपर्यंत तेवीस टीम्स ठरलेल्या असतात. चाळीस टीम्समध्ये जे सतरा रोबोट उरलेले असतात, त्यातून सर्वांत बलाढ्य अलायन्सला तिसरा रोबोट शोधावा लागतो.

तुमची ‘तिसावी’ टीम तिथे येते. पहिल्या अलायन्सचे दोन रोबोट गुण मिळवायला पुरेसे असतात. त्यांना तिसरा हवा असतो तो दर मॅचला हमखास चालणारा, फाउल न करणारा, सांगितलं तर समोरच्या रोबोटला अडवणारा आणि शेवटी ठरलेली जागा गाठणारा. हातात फारशी चमकदार यंत्रणा नसली तरी चालते. असा रोबोट क्रमवारीत कुठेही असू शकतो, आणि पाच-सहा मॅचेसनंतर त्या टीमच्या गळ्यात विजेतेपदाची पदकं पडतात. उलट ज्याचा हात अप्रतिम आहे पण तीनपैकी एका मॅचमध्ये बंद पडतो, त्याला या जागेसाठी कोणी विचारत नाही. पहिल्या हंगामातल्या टीमने याच जागेवर डोळा ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी जे करावं लागतं ते नवख्या टीमच्याही आवाक्यात असतं.

चौथ्या क्रमांकाच्या टीमचं काय झालं तेही यातूनच समजतं. २०२३ पासून बाद फेरी दुहेरी पराभवाच्या पद्धतीने होते. एक मॅच हरलात तर खालच्या बाजूला जाता, दुसरी हरलात की बाहेर. पहिल्या फेरीत चौथ्या अलायन्सची गाठ पाचव्याशी पडते, आणि या दोघींत फरक जवळपास नसतोच. ती मॅच हरली, पुढच्या मॅचला एक बॅटरी दगा देऊन गेली, की खेळ खलास. अंतिम सामना मात्र तीनपैकी दोन जिंकणाऱ्याचा.

निवडीत डावपेचही चालतात. वरच्या आठांतली टीमसुद्धा दुसऱ्या कर्णधाराच्या निमंत्रणाला हो म्हणू शकते. एक नंबरने दोन नंबरला घेतलं की खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात आणि नववी टीम कर्णधार होते. असं दोन-तीनदा झालं की अकराव्या क्रमांकाच्या मुलीला अचानक मैदानाच्या मधोमध माइकसमोर उभं राहून नाव घ्यावं लागतं. हातात यादी नसेल तर तोंडचं पाणी पळतं. म्हणून पंधराव्या क्रमांकापर्यंत असलेल्या प्रत्येक टीमने यादी तयार ठेवावी. निमंत्रण नाकारता येतं, पण एकदा नाकारलं की त्या स्पर्धेत तुम्हाला दुसरं कोणीही निवडू शकत नाही. तुम्ही फक्त स्वतः कर्णधार होऊ शकता. याचा फायदा घेऊन काही वेळा पहिला कर्णधार मुद्दाम दोन, तीन, चार नंबरला ओळीने विचारतो. ते नकार देणार हे त्याला माहीत असतं. नकार दिले की त्या टीम्स एकमेकींसोबत जाऊ शकत नाहीत आणि त्याचे प्रतिस्पर्धी विखुरतात. प्रेक्षकांना वाटतं बिचाऱ्याला सगळे नाही म्हणताहेत. तुमचा क्रमांक आठच्या बाहेर असेल तर एकच लक्षात ठेवा, नाही म्हणू नका.

कर्णधारांना कोण चांगलं हे कळतं स्काउटिंगमधून. मोठ्या टीम्स सहा मुलं प्रेक्षागृहात बसवतात, प्रत्येकाची नजर एकाच रोबोटवर. किती वस्तू टाकल्या, कुठून टाकल्या, शेवटी चढला का, मध्ये थांबला का, फाउल किती केले. मॅच पाहताना डोळे चेंडूकडे जातात, म्हणून एकाला एकच रोबोट. जोडीला गणितही असतं. प्रत्येक अलायन्सचे गुण म्हणजे तिच्यातल्या तीन टीम्सच्या वाट्यांची बेरीज असं मानायचं, सगळ्या मॅचेसची समीकरणं मांडायची आणि लघुतम वर्ग पद्धतीने प्रत्येकीचा वाटा काढायचा. याला ओपीआर (ऑफेन्सिव्ह पॉवर रेटिंग) म्हणतात आणि ‘द ब्लू अलायन्स’ या संकेतस्थळावर तो तयार मिळतो. वरच्या उदाहरणात ६७ मॅचेसची १३४ समीकरणं आणि ४० अज्ञात संख्या. त्यामुळे आकडा निघतो खरा, पण पात्रतेच्या पहिल्या दिवशी मॅचेस थोड्याच झालेल्या असतात, तेव्हा त्याला फार किंमत देऊ नये. शिवाय बचाव करणारा रोबोट या आकड्यात दिसतच नाही, कारण तो गुण मिळवत नाही, समोरच्याचे रोखतो. हे डोळ्यांनीच टिपावं लागतं. तुमची टीम दहा-बारा मुलांची असेल तर सहा जण बसवणं परवडणार नाही. शेजारच्या पिटमधल्या, म्हणजे रोबोट ठेवायच्या-दुरुस्त करायच्या जागेतल्या, छोट्या टीमशी भागीदारी करा, तीन त्यांचे तीन तुमचे, माहिती दोघांची. बरेच जण आनंदाने तयार होतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठ्या टीम्स एकत्र बसून याद्या लावतात. पहिल्या निवडीची एक यादी, दुसऱ्या निवडीची वेगळी, आणि एक न बोलता ठेवलेली तिसरी, ‘काहीही झालं तरी नको’ अशी. या तिसऱ्या यादीत टीम्स खराब रोबोटमुळे क्वचित जातात. ‘आम्ही चढतो’ असं सांगून पाचदा न चढलेले, ठरलेली चाल ऐन मॅचमध्ये बदलणारे, हरल्यावर जोडीदारावर ओरडणारे तिथे असतात. मॅचच्या आधी तीन टीम्सचे ड्राइव्ह कोच (मॅचमध्ये ड्रायव्हरना सूचना देणारे) पिटमध्ये भेटून चाल ठरवतात. तिथे मुलांनी खरं तेवढंच सांगावं. ‘आमचा हात आज चालत नाहीये, आम्ही बचाव करतो’ असं बोलणारी टीम समोरच्याच्या वहीत चांगल्या शेऱ्यासह जाते.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. साधारण रचना अशी की पहिल्या दिवशी सामान आत, इन्स्पेक्शन आणि सराव मॅचेस, दुसऱ्या दिवशी पात्रता, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पात्रता, मग निवड, बाद फेरी, बक्षिसं. इन्स्पेक्शन पास झाल्याशिवाय पात्रतेची मॅच खेळता येत नाही. वजन (२०२५ मध्ये बंपर आणि बॅटरी सोडून ११५ पौंड, म्हणजे साधारण ५२ किलो), माप, धारदार कडा, हे पटकन होतं. घोडं अडतं ते बंपरवर, म्हणजे रोबोटभोवती लावायच्या लाल किंवा निळ्या गादीच्या पट्ट्यांवर. बंपर टीम्स शेवटच्या रात्री बनवतात आणि नियमपुस्तिकेत त्याचीच पानं सर्वांत जास्त काटेकोर असतात. एखाद्या कोपऱ्यात मागे आधार नाही, नंबर दिसत नाही, लाल आणि निळा बदलायला वीस मिनिटं लागतात. इलेक्ट्रिकलमध्ये मी मुख्य ब्रेकर पाहतो, १२० अँपिअरचा, आणि तो बाहेरून चटकन हात जाईल असा बसवलाय का ते तपासतो. बॅटरीपासून निघणारी तार ६ गेजची, ४० अँपिअरच्या ब्रेकरवरची किमान १२ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड). मग मल्टिमीटर लावून बॅटरीच्या टोकापासून धातूच्या सांगाड्यापर्यंतचा रोध मोजतो. तो १२० ओहमच्या वर हवा, म्हणजे सांगाड्यातून वीज वाहत नाहीये हे कळतं. हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा असेल तर साठवणीचा दाब १२० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आत, प्रत्यक्ष कामाचा ६० च्या आत, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह १२५ ला उघडणारा. तपासणीची यादी संयोजक आधीच जाहीर करतात. ती घरी भरून आणलेल्या टीमचं काम माझ्याकडे अर्ध्या तासात होतं. न आणलेल्यांची सकाळ माझ्या टेबलापाशीच जाते आणि सरावाच्या मॅचेस हातच्या सुटतात. इन्स्पेक्टर अडवायला बसलेला नसतो, पास होईपर्यंत तुमच्यासोबत स्क्रू पिळतो, हे मुलांना जरूर सांगा. आणि नंतर रोबोटमध्ये मोठा बदल केला तर परत यावं लागतं.

रोबोट बंद का पडतात? तक्रार नेहमी एकच असते, ‘फील्डचं वायफाय गेलं.’ फील्डवरचे तांत्रिक सल्लागार मग ड्रायव्हर स्टेशनच्या लॅपटॉपवरची नोंद उघडून दाखवतात, आणि बहुतेक वेळा त्यात व्होल्टेजचा आलेख खाली कोसळलेला असतो किंवा धक्का बसल्याच्या क्षणी रेडिओचा, म्हणजे रोबोटवरच्या वायफाय यंत्राचा पुरवठा तुटलेला असतो. बॅटरी १२ व्होल्टची, साधारण १८ अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड. हिशेब सोपा आहे. बॅटरी, कनेक्टर आणि तारा मिळून रोध ०.०२ ओहम असेल आणि जोरात धावताना २५० अँपिअर ओढले, तर ५ व्होल्ट तिथेच जातात, १२.५ चे ७.५ उरतात. चालतं. तीच बॅटरी जुनी झाली किंवा कनेक्टर सैल असला आणि रोध ०.०३ झाला, तर उरतात ५. रोबोटचा मुख्य कंट्रोलर सहा-साडेसहा व्होल्टच्या आसपासच मोटरींचा पुरवठा तोडून स्वतःला वाचवतो. ड्रायव्हरला रोबोट आचके देताना दिसतो आणि तो कोड लिहिणाऱ्या मुलावर खापर फोडतो. इन्स्पेक्शनच्या टेबलाजवळ दिवसभर उभं राहिलात तर हे भांडण ऐकायला मिळेलच.

यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक बॅटरीवर क्रमांक लिहा आणि कोणती कोणत्या मॅचला वापरली याची वही ठेवा. कनेक्टर हाताने ओढून पाहा, बॅटरीच्या टोकांचे बोल्ट पान्याने घट्ट करा. आणि पुरेशा बॅटऱ्या आणा. पात्रतेच्या मॅचेस साधारण सात मिनिटांनी एक अशा चालतात. चाळीस टीम असतील तर तुमची पाळी सरासरी पाऊण तासाने येते, पण वेळापत्रकात कधी कधी दोन मॅचेसमध्ये पंधरा मिनिटंही नसतात. चार्जरला ६ अँपिअरची मर्यादा आहे, म्हणून रिकामी बॅटरी भरायला तीन तासांहून जास्त लागतात. आकडे शेजारी ठेवले की तीन बॅटऱ्यांवर भागणार नाही हे दिसतंच. सहा असाव्यात, आठ असतील तर बाद फेरीतही निवांत.

त्याच पंधरा मिनिटांच्या फटीत मुलांना कोडमध्ये ‘एक छोटासा बदल’ करण्याची हुक्की येते. तो मोह आवरा. सराव मैदानावर चालवून पाहिलेला नसेल तर तो बदल रांगेत उभ्या असलेल्या रोबोटमध्ये जाणार नाही, असा नियम घरूनच करून या. मी हे मेंटरांना सांगतो तेव्हा ते माना डोलावतात आणि दुपारी तेच लॅपटॉप मांडीवर घेऊन रांगेत दिसतात.

मैदानाचा दोष खरोखर असतोच असं नाही, पण असतो तेव्हा मॅच पुन्हा खेळवली जाते, अट एवढीच की त्या दोषाने निकालावर परिणाम झालेला असावा. हा मुद्दा मांडायचा तर मैदानाशेजारी आखलेल्या चौकोनात ड्राइव्ह टीममधल्या, म्हणजे मॅचमध्ये रोबोट चालवणाऱ्या गटातल्या विद्यार्थ्याने जाऊन उभं राहायचं. तिथे मुख्य रेफ्री येऊन बोलतात. मेंटरने जायचं नाही, पालकांनी तर मुळीच नाही. मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून उपयोग नाही, रेफ्री तो पाहत नाहीत. त्यामुळे शांतपणे, नियमाचा क्रमांक सांगून प्रश्न विचारू शकेल असं एक मूल आधीच निवडून ठेवा. ते सहसा सर्वांत हुशार ड्रायव्हर नसतं. ज्या मुलीने नियमपुस्तिका खरंच वाचली आहे ती पाठवा.

पिट म्हणजे साधारण दहा फूट बाय दहा फुटांची जागा. तिथे परीक्षक येतात, बिल्ल्यावरून ओळखता येतात, आणि मुलांशी बोलतात. मेंटरने तोंड उघडलं की परीक्षकांचा रस संपतो. बक्षिसांना नुसता मानाचा भाग समजू नका, ती पुढे जाण्याचा रस्ताही असतात. सर्वांत मोठं बक्षीस, फर्स्ट इम्पॅक्ट अवॉर्ड, रोबोटच्या कामगिरीवर मिळत नाही, टीमने आपल्या भोवतालच्या लोकांत विज्ञान-तंत्रज्ञानाची गोडी कशी लावली यावर मिळतं, आणि त्याच्या मुलाखतीला तीन विद्यार्थी जातात. पुढच्या फेरीची पात्रता दोन पद्धतींनी ठरते. २००९ मध्ये मिशिगनने सुरू केलेल्या डिस्ट्रिक्ट पद्धतीत टीम दोन छोट्या स्पर्धा खेळते, गुण साठवते, मग डिस्ट्रिक्ट अजिंक्यपद आणि तिथून जागतिक स्पर्धा. रीजनल पद्धतीत विभागीय स्पर्धेतून थेट जागतिक स्पर्धेला जाता येतं. पूर्वी विजेत्या अलायन्सच्या तिन्ही टीम्सना ते तिकीट मिळायचं, २०२५ पासून रीजनल टीम्ससाठीही गुणांची एकत्रित यादी आली. यंदाचा तपशील यंदाच्याच पुस्तिकेतून घ्या, जुन्या टीम्सच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

तुमची स्पर्धा एफआरसी नसून फर्स्ट टेक चॅलेंज असेल, तर मैदान १२ फूट बाय १२ फूट, रोबोट सुरुवातीला १८ इंचांच्या घनात मावणारा, दोन विरुद्ध दोन, ३० सेकंद स्वयंचलित आणि २ मिनिटं ड्रायव्हरची. निवडीचं तत्त्व तेच, फक्त लढत छोटी. व्हेक्स व्ही५ मध्येही दोन विरुद्ध दोनच असतात, १५ सेकंद आणि पावणेदोन मिनिटं. शिवाय एकेकट्या रोबोटच्या एका-एका मिनिटाच्या कौशल्य फेऱ्या असतात, त्यांवर नशिबाचा परिणाम कमी होतो आणि नव्या टीमने त्या अजिबात सोडू नयेत. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड, २००४ मध्ये सिंगापूरला सुरू झालेली, पूर्णपणे वेगळ्या धाटणीची आहे. तिच्या रोबोमिशन प्रकारात अलायन्स नाही, रिमोट नाही, आणि स्पर्धेच्या सकाळी एक अनपेक्षित नियम जाहीर होतो. तिथे मुलांनी कोड पाठ करून आलेलं चालत नाही, तो समजलेला लागतो.

एक बारीकशी गोष्ट राहिली. निवडीत तुमचं नाव आलं नाही तर लगेच रोबोट खोक्यात भरू नका. रीजनलमध्ये बाद फेरीत एखाद्या अलायन्सचा रोबोट मोडला तर राखीव टीम बोलावता येते, आणि न निवडलेल्यांपैकी तयार असलेल्या, क्रमवारीत वरच्या टीम्सना त्यासाठी विचारतात. संयोजक विचारायला आले की हो म्हणा, बंपर लावून ठेवा, एक भरलेली बॅटरी आत, दोन चार्जरवर, आणि ड्राइव्ह टीमला जेवायला एकदम पाठवू नका.